डोळे आले? आधी कारण ओळखा



उसाचं पान पिवळं पडलं म्हणून आम्ही लगेच फवारणी सांगत नाही. केवडा आहे, की पाणी साचलंय, ते आधी पाहतो. डोळ्याचंही तसंच आहे.

आपल्यापैकी काहींची मुलं उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडे नोकरीला आहेत. लोकलची गर्दी आणि दाटीच्या खोल्या यांमुळे साथ लवकर पसरते, मग सणाला गावी येते. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यभर डोळ्यांची साथ आली, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला आळंदीच्या नमुन्यांत अ‍ॅडिनो विषाणू सापडला होता.

लाल डोळ्याची मुख्य कारणं अशी :

१) विषाणू : पाणी गळतं, खडा टोचल्यासारखं होतं. बहुधा आधी एक डोळा, मग दुसरा. एक-दोन आठवड्यांत बरा होतो.

२) जिवाणू : पिवळा पू येतो, सकाळी पापण्या चिकटतात.

३) वावडं : धूळ, परागकण यांनी दोन्ही डोळ्यांना खाज सुटते. हे संसर्गजन्य नाही.

४) रसायन : बदलापुरात जून २०२१ मध्ये आणि अंबरनाथला सप्टेंबर २०२४ मध्ये कारखान्यातून वायू पसरला, तेव्हा लोकांचे डोळे चुरचुरले. रसायन डोळ्यात गेलं तर लगेच स्वच्छ पाण्याची धार १५-२० मिनिटं धरावी, मग दवाखाना गाठावा.

नुसतं पाहिल्यानं डोळे येत नाहीत. साथ हात, टॉवेल, उशी यांवाटे पसरते. म्हणून टॉवेल वेगळा ठेवा, साबणानं हात धुवा, डोळे चोळू नका.

आता आमच्या कामातली गोष्ट. तोडणीत उसाचं पान किंवा पाचट डोळ्यात लागलं, तर त्याला 'डोळे आले' समजू नका. बुबुळाला जखम होऊन त्यात बुरशी वाढते. अशा वेळी घरातली जुनी किंवा दुकानातून मागून आणलेली स्टिरॉइडची बाटली घातली, की दोन दिवस बरं वाटतं आणि आतून डोळा जातो. दुखणं वाढलं, अंधुक दिसलं, उजेड सोसेना किंवा बुबुळावर पांढरा ठिपका आला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

टोळीत कुणाला असं झालं तर मुकादमानं चिटबॉयला सांगावं. एक दिवसाची तोड उद्या होईल, गेलेला डोळा परत येत नाही.