ग्राफिक्स कार्ड बदलताना वीजपुरवठ्याचा हिशेब

संगणकातील पॉवर सप्लाय, म्हणजे घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करणारा डबा, निवडताना त्यावर ठळक छापलेल्या एकूण वॅटपेक्षा बाजूच्या तक्त्यातील १२ व्होल्टचा रकाना अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर मुख्यतः त्यावरच चालतात. तेथे ३६ अँपिअर लिहिले असल्यास ४३२ वॅटच हाती येतात. मदरबोर्डवरील खाच कार्डाला ७५ वॅटपर्यंत, सहा पिनांची जोडणी आणखी ७५, तर आठ पिनांची १५० वॅट पुरवते. एनव्हिडियाच्या २०२० मधील आरटीएक्स ३०८० कार्डाची गरज ३२० वॅटची असताना कंपनीने ७५० वॅटच्या सप्लायची शिफारस केली, ती केवळ विक्रीची युक्ती नव्हती. प्रोसेसरची भूक त्यात धरलेली होतीच, शिवाय अशी कार्डे मिलिसेकंदाहूनही कमी काळ नेमून दिलेल्या मर्यादेपेक्षा बरीच अधिक वीज ओढतात आणि तेवढ्या झटक्यानेही सप्लायमधील संरक्षक मंडल जागे होऊन संगणक बंद पडू शकतो. हे झटके सोसण्याची अट २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात आली. सप्लायवरील ‘८० प्लस’ मानांकनाचा याच्याशी संबंध नाही; ते फक्त कार्यक्षमता सांगते.

सुट्या केबलींच्या सप्लायमध्ये जुन्याच केबली नव्या डब्याला जोडणे मात्र महागात पडते, कारण कार्ड किंवा डिस्ककडील टोक प्रमाणित असले तरी डब्याकडील टोकाच्या तारांचा क्रम कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही, निराळा असतो आणि चुकीचे व्होल्टेज पोहोचल्यास हार्ड डिस्क तत्क्षणी जळू शकते.