कापडाचा ताण : रजईची रिंग आणि चौकट

वरचे कापड, खालचे अस्तर आणि त्यांच्यामध्ये पसरलेला कापूस यांना कायमचे एकत्र धरून ठेवण्याचे काम टाका करतो. परंतु टाका पडत असताना हे तीन थर एकमेकांवरून सरकू नयेत, याची काळजी दुसऱ्या कोणी तरी घ्यावी लागते. भारतातील बहुसंख्य घरांत ही काळजी जमीन, मांडी आणि डावा हात यांनी मिळून वाहिली आहे. युरोप व अमेरिका येथे ती बव्हंशी लाकडी चौकटीवर सोपविण्यात आली आणि पुढे भरतकामाच्या रिंगेसारखी, पण तिच्याहून जाड व खोल अशी रिंग त्यासाठी प्रचारात आली. आता अशा रिंगा आपल्याकडील शहरांतही मिळतात. त्या पाहून नवशिक्या माणसाची सहजच अशी समजूत होते, की चौकट असल्याखेरीज काम सुबक होणार नाही. ही समजूत निराधार आहे. चौकट हवी की नको, हे टाका कसा घालावयाचा आहे यावरून ठरते.

बंगालमधील कांथा हे याचे उत्तम उदाहरण होय. वापरून मऊ झालेल्या साड्या आणि धोतरे एकावर एक अंथरून, कडा सारख्या करून, त्यांवर प्रथम लांब लांब कच्चे टाके घालीत. शिवणीचे रंगीत दोरे पुष्कळदा जुन्या साड्यांच्या काठांतूनच उसवून काढलेले असत. मग बाई हे जाडसर वस्त्र मांडीवर घेऊन धावदोरा घालू लागे. धावदोऱ्यात सुई कापडाशी जवळजवळ आडवी असते. डावा हात कापडाला बारीक चुण्या पाडून ते सुईवर चढवीत जातो आणि एका खेपेत चार-पाच टाके पडतात. ताणून बसविलेल्या कापडाला चुणी पडतच नाही. त्यामुळे येथे चौकट मदत तर करीत नाहीच, उलट हात अडविते. कांथ्याच्या पृष्ठभागावर पाण्यावरील तरंगांसारखी जी बारीक सुरकुती दिसते, ती या मोकळ्या, न ताणलेल्या कापडाचीच देणगी आहे. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी जमविलेले जुने कांथे कोलकात्याजवळ जोका येथील संग्रहालयात ठेवण्यात आले. त्यांवरील माणसे, हत्ती आणि कमळे पाहताना कोणालाही चौकटीची उणीव भासणार नाही. बिहारच्या मुझफ्फरपूर जिल्ह्यातील सुजनी आणि महाराष्ट्रातील गोधडी किंवा वाकळ याही याच कुळातल्या.

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या सिद्दी समाजातील स्त्रिया कवंदी शिवतात, ती याहून विलक्षण. रजईच्या पाश्चात्त्य पुस्तकांत मध्यापासून सुरुवात करून कडेकडे जावे, असा नियम सांगितलेला असतो. थरांत कोठे ढिलेपणा राहिला असेल, तर तो बाहेर ढकलला जावा हा त्यामागील हेतू. सिद्दी स्त्री नेमकी उलट चालते. ती एका कोपऱ्यापासून आरंभ करून कडेकडेने फिरत मध्याकडे येते. तरीही मध्यभागी फुगवटा धरत नाही, कारण वरचा थर आधी तयार केलेला नसतोच. ठिगळामागून ठिगळ ठेवावयाचे, त्याची कड आत दुमडावयाची आणि तेथल्या तेथे खालच्या कापडाशी शिवून टाकावयाचे, अशी ही रीत आहे. ढिलेपणा राहिलाच, तर तो पुढच्या ठिगळात सामावतो. शेवटी कोपऱ्यांत कापडाच्या त्रिकोणी घड्यांची छोटी फुले बसवितात.

याचा अर्थ भारताला चौकट अपरिचित होती, असा मात्र नव्हे. लखनौ, बरेली, आग्रा, दिल्ली येथील जरदोजीचे कारागीर ज्या अड्ड्यावर काम करतात, ती उत्तम प्रतीची चौकटच आहे. कापड दोन लांब दांड्यांना शिवून घेतात. बाजूच्या दोन पट्ट्यांना भोके असतात व त्यांत खिळे अडकवून कापड हवे तितके ताणता येते. येथे ताण अपरिहार्य आहे. आरीचे आकडीदार टोक कापडाखालून दोऱ्याचा फास वर ओढून आणते. कापड ढिले असेल तर दोऱ्याबरोबर तेही वर येईल. गंमत अशी, की इंग्लंडच्या उत्तर भागात रजईसाठी वापरीत असलेली जुनी चौकट या अड्ड्याची जणू सख्खी बहीण शोभावी : कापड शिवण्यासाठी दोन दांडे, भोके पाडलेल्या दोन पट्ट्या आणि त्यांत बसविण्याच्या खुंट्या. अमेरिकेतील ग्रामीण घरांत अशी चौकट खोलीतील सारी जागा अडवून बसे. म्हणून काही घरांत ती दोरांनी छताला टांगीत आणि रात्री वर ओढून घेत.

या चौकटीवरचा टाकाही वेगळा असतो. एक हात रजईच्या वर, दुसरा खाली. वरच्या हाताच्या बोटातील अंगुस्तान सुईला मागून रेटते. खालचे बोट सुईचे टोक लागताच कापडाला किंचित उचलते आणि सुई झुलत झुलत दोन-चार टाके गोळा करते. यासाठी आखूड सुई सोयीची. येथे एक गोष्ट कटाक्षाने ध्यानात घ्यावयास हवी. भरतकामात रिंगेतील कापड ढोलाच्या चामड्यासारखे वाजावे लागते. रजई मात्र तशी ताणली, तर सुई झुलणारच नाही. रिंगेच्या मध्यावर तळहाताने दाबले असता रजई सहज खाली लवली पाहिजे. पुष्कळांचे टाके वाकडे पडतात, सुया वाकतात, मनगट दुखू लागते, आणि दोष हाताला दिला जातो. खरा दोष बहुधा आवळलेल्या स्क्रूचा असतो.

रिंग निवडताना ३५ ते ४५ सेंटिमीटर व्यासाची घ्यावी. त्याहून मोठ्या रिंगेच्या मध्यापर्यंत खालचा हात पोहोचत नाही. लहान रिंग फार वेळा हलवावी लागते. गोल रिंगेत ताण सर्व बाजूंनी सारखा बसतो, लंबगोल रिंगेच्या लांब बाजूंकडे तो कमी पडतो. लाकूड गुळगुळीत असावे आणि आतील कड्याला सुती पट्टी गुंडाळावी, म्हणजे कापड घसरत नाही व त्यावर डागही पडत नाही. प्लास्टिकच्या नळ्यांच्या चौकोनी चौकटी वजनाला हलक्या असतात आणि प्रवासात सुट्या करून नेता येतात. मोठी चौकट केवळ ज्यांच्या घरी एखादी खोली तिला देता येईल, त्यांनीच घ्यावी. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ती चार दिवसांत कपडे वाळत घालण्याच्या उपयोगी पडते!

रिंग थरांना तात्पुरते धरते, कच्च्या टाक्यांची जागा ती घेऊ शकत नाही. दर दहा-बारा सेंटिमीटरवर उभ्या-आडव्या कच्च्या ओळी घातल्याखेरीज रजई रिंगेत घालू नये. नाही तर रिंग हलविताना अस्तराला पडलेली चुणी शिवणीत कायमची अडकते, आणि ती काम संपल्यावरच उलटून पाहताना दिसते. रिंग मांडीवर सपाट न ठेवता तिची एक कड टेबलाला टेकवावी, म्हणजे पाठ व खांदे वाकत नाहीत. दिवसाचे काम थांबविताना रिंग काढून ठेवावी. रात्रभर राहिली तर कापूस दबून तिचा वण उमटतो. कडेपाशी आल्यावर रिंगेत धरण्यास कापड उरत नाही. अशा वेळी जुन्या साडीची वीतभर रुंद पट्टी रजईच्या कडेला कच्च्या टाक्यांनी जोडून घ्यावी, आणि शेवटची ओळ पुरी झाली की ती उसवून टाकावी.