हात का सोडायचे, हे कोणी सांगायचे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपली आणि चारकोपच्या एका सेक्टरमधील मावशी आमच्याजवळ आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत एमआरआयच्या काळ्या फिल्मा आणि पावत्या. म्हणाल्या, "वकीलसाहेब, मला केस करायची आहे. मशीनमध्ये त्यांनी मला त्रिशरण म्हणू दिलं नाही. मी हात जोडले तर माणूस अंगावर ओरडला."

आजूबाजूची आमची पोरे ताडकन उठली. मोर्चा न्यायचा, टाळे ठोकायचे, इथपर्यंत बोलणे गेले. आम्ही सगळ्यांना खाली बसवले. वीस वर्षांच्या वकिलीने एक गोष्ट शिकवली आहे, संताप खरा असला तरी हकिकत आधी पुरती ऐकून घ्यावी.

मावशींची मान दुखत होती, उजवा हात बधिर होत होता. डॉक्टरांनी मानेचा एमआरआय लिहून दिला. उपनगरातील एका सेंटरवर गेल्या. बाहेर मोठा बोर्ड, 'थ्री टेस्ला, हाय फील्ड'. इंग्रजी फॉर्मवर सही घेतली. फॉर्ममध्ये काय आहे ते मावशींनी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. बांगड्या, जोडवी काढायला लावली, आडवे केले आणि बोगद्यात सरकवले. छताला नाक लागेल की काय, असे त्यांना वाटले. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने आखलेल्या योजनेतल्या चारकोपच्या बैठ्या घरात सात माणसांत ज्यांनी संसार केला, त्यांना अडचणीच्या जागेची भीती काय असणार, असे कोणी म्हणेल. पण घरात दार असते. मावशींनी छातीवर हात जोडले आणि त्रिशरण सुरू केले. तेवढ्यात स्पीकरवरून आवाज आला, "हात सोडा! हात जोडायचे नाहीत!" पुढे हातोड्यांसारखी ठोकाठोक, पाठीला ऊब, दंडात मुंग्या. बाहेर काढले तेव्हा खोली गरागरा फिरत होती. घरी येऊन दोन दिवस त्या एकच म्हणत होत्या, मला शॉक दिला आणि माझा धम्म काढला.

आम्ही चळवळीतल्या एका रेडिओलॉजिस्ट मित्राला फोन लावला. त्यांनी सगळे ऐकले आणि म्हणाले, तो टेक्निशियन बरोबर होता.

कारण असे. एमआरआयमध्ये एक्स-रे किंवा सीटी स्कॅनसारखे किरण नसतात. असते ते प्रचंड चुंबक आणि रेडिओलहरी. पृथ्वीच्या चुंबकशक्तीच्या मानाने दीड टेस्लाचे मशीन सुमारे तीस हजार पट, तीन टेस्लाचे साठ हजार पट. या लहरींनी शरीर थोडे तापते, आणि दीडावरून तीन टेस्लावर गेले की तीच तपासणी करताना ऊर्जा शोषण्याचे प्रमाण साधारण चौपट होऊ शकते. म्हणून मशीन मर्यादा पाळते आणि म्हणूनच आधी वजन विचारतात. वजन खोटे सांगू नये, बायाबापड्यांनी लाजूही नये. आता हाताचे. दोन्ही तळवे एकमेकांना टेकले की शरीराचेच एक कडे तयार होते, त्यातून विद्युतप्रवाह फिरू शकतो आणि कातडी जिथे कातडीला लागते तिथे भाजू शकते. मांड्या चिकटल्या तरी तेच. हात जोडणारा बौद्ध असो, वारकरी असो की नमाजी, चटका सगळ्यांना सारखाच बसतो.

मुंग्या आणि स्नायू फडफडणे हेही शॉक नव्हे. चुंबकशक्ती झपाट्याने कमीजास्त केली जाते, त्याने नसा चाळवतात. ठोकाठोकही त्याच कारणाने. आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. म्हणून कानात बोळे किंवा वर हेडफोन हे लाड नव्हेत, ते दिलेच पाहिजेत. चक्कर येते ती कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या पाण्यावर चुंबकाचा परिणाम होतो म्हणून. जोरदार मशीनमध्ये ती जास्त जाणवते. टेबल हळू सरकवले, उठताना दोन मिनिटे बसू दिले, तर त्रास कमी होतो. बहुतेक वेळा हे सगळे थोड्या वेळात ओसरते. किडनीच्या रुग्णांचे मात्र वेगळे. गॅडोलिनियमचे इंजेक्शन द्यायचे असेल तर आधी सांगितलेच पाहिजे, कारण काही जुन्या प्रकारच्या इंजेक्शनांमुळे किडनी निकामी झालेल्यांची कातडी कडक होण्याचा गंभीर आजार होतो, हे २००६ साली पुढे आले.

म्हणजे टेक्निशियनचा हुकूम योग्य होता. मग मावशींची तक्रार खोटी ठरली का? आमच्या मते मुळीच नाही. त्या हुकुमामागचे एक वाक्य त्यांना कोणी सांगितले नाही, आणि घाबरल्यावर दाबायचा रबरी फुगा हातात दिला नाही. तो फुगा दिला असता तर हात जोडायची वेळही कदाचित आली नसती.

न सांगण्याची किंमत किती मोठी असते ते मुंबईने पाहिले आहे. २७ जानेवारी २०१८ रोजी नायर रुग्णालयात ३२ वर्षांचा एक तरुण नातेवाईक रुग्णासोबत ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. मशीन बंद आहे असे त्याला सांगितले गेले, असा कुटुंबाचा आरोप होता. हे चुंबक रात्रंदिवस चालूच असते, तपासणी थांबली म्हणून ते थांबत नाही. चुंबकाने सिलिंडर खेचले, सोबत तो ओढला गेला आणि जिवाला मुकला. त्याच्या आधी, २०१४ मध्ये, खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये दोन कर्मचारी सिलिंडर आणि मशीनच्या मध्ये सुमारे चार तास अडकून जखमी झाले होते. मुंबईने त्यातून काय शिकले? नायरच्या प्रकरणात तेव्हाच्या दंड संहितेच्या ३०४ अ कलमाखाली एक डॉक्टर, एक वॉर्डबॉय आणि एक आया यांना अटक झाली. वॉर्डबॉय आणि आयाला या चुंबकाचे प्रशिक्षण कोणी, किती दिले होते, हा सवाल आम्हाला अटकेपेक्षा मोठा वाटतो. एक्स-रे आणि सीटीवर अणुऊर्जा नियामक मंडळाची नजर असते. एमआरआयमध्ये तसे किरण नाहीत म्हणून ते त्या कक्षेबाहेर.

कायदा अगदीच मुका नाही. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पुरेशी माहिती दिल्यावर मिळालेली संमती तीच खरी संमती. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावरची सही ही आमच्या लेखी फक्त शाई. महाराष्ट्राने २०२१ मध्ये शुश्रूषागृहांच्या नियमांत रुग्णहक्कांची सनदही घातली. पैसे देऊन तपासणी केली असेल तर ग्राहक आयोगाचे दार उघडे आहेच.

आम्ही केस केली नाही. मावशींना आम्ही हाताचे कारण समजावले तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "हे त्यानं तेव्हाच सांगितलं असतं तर मी हात खिशात घातले असते." तपासणीचा एक भाग त्यांच्या हलण्याने खराब झाला होता, तो पुन्हा करायचा होता. आम्ही सेंटरला नोटीस न देता साधे पत्र दिले आणि त्या दिवशी सोबत गेलो. या वेळी कानात बोळे घातले, मुठीत फुगा दिला. टेक्निशियन तोच. त्याने वाकून सांगितले, "मावशी, हात बाजूला, एकमेकांना लागले तर चटका बसेल. मनात काय म्हणायचं ते म्हणा." वीस मिनिटांनी मावशी बाहेर आल्या, टेबलावर थोडा वेळ बसल्या आणि चहा मागितला.

फॉर्म मात्र अजून इंग्रजीतच होता. त्याचे मराठी आम्ही दीड पानांत करून दिले आहे. ते वापरतात की नाही, हे पाहायला येत्या शनिवारी पुन्हा जाणार आहोत.