दुसरे वैद्यकीय मत (गाठी व अर्बुदे यांसंबंधीचे)

शरीराच्या पृष्ठभागावर अथवा त्वचेखाली उद्भवलेल्या गाठीविषयी एका वैद्याने केलेले निदान किंवा सुचविलेला उपचार यांवर दुसऱ्या तज्ञाने स्वतंत्रपणे दिलेल्या अभिप्रायास ‘दुसरे वैद्यकीय मत’ म्हणतात. पहिल्या वैद्यावर अविश्वास दाखविणे हा त्याचा हेतू नसतो. अगदी भिन्न रोग बाह्यतः सारख्याच दिसणाऱ्या गाठीच्या रूपाने प्रकट होऊ शकतात, हे त्याचे खरे कारण होय.

आवाळू, व्हायरसजन्य चामखीळ, मेदाची मऊ गाठ इ. बहुसंख्य वाढी निरुपद्रवी असतात व अनुभवी वैद्यास त्या बहुधा पाहून व चाचपून ओळखता येतात. अशा प्रत्येक गाठीसाठी दुसऱ्या तज्ञाकडे धाव घेणे अनावश्यक आहे. याउलट ५ सेंमी.हून मोठी, स्नायूंत खोल रुतलेली वा वाढत जाणारी गाठ केवळ स्पर्शावरून साधी ठरविली गेली असल्यास दुसरे मत अवश्य घ्यावे. मेदाची समजून काढलेली गाठ मागाहून सार्कोमा (संयोजी ऊतकाचे मारक अर्बुद) ठरल्यास पुन्हा अधिक विस्तृत शस्त्रक्रिया करावी लागते. तिळाची कड वेडीवाकडी होणे, त्यात अनेक रंगछटा दिसणे, व्यास ६ मिमी.पेक्षा वाढणे ही मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाची सूचक लक्षणे होत. भारतीयांत तो विरळा असला, तरी झाल्यास पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली आढळतो व तेथे कुरूप वा साधी जखम समजून त्याकडे दुर्लक्ष होते.

मानेतील लसीका ग्रंथी सुजण्याचे भारतातील एक नेहमीचे कारण क्षयरोग (गंडमाळा) हे आहे. त्यामुळे काही वेळा ऊतकाची तपासणी न करताच क्षयाची औषधे सुरू केली जातात. ग्रंथी लिंफोमामुळे (लसीका ऊतकाच्या मारक अर्बुदामुळे) वाढली असल्यास यात काही महिने वाया जातात. उलटपक्षी क्षयाची गाठदेखील योग्य उपचार चालू असताना काही काळ वाढू शकते; म्हणून केवळ आकारमानावरून निर्णय करणे धोक्याचे असते. [⟶ क्षयरोग].

दुसरे मत म्हणजे दुसऱ्या वैद्याने गाठ पुन्हा चाचपणे, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात सर्वांत मोलाचे मत पुष्कळदा रोग्यास न पाहताच दिले जाते. जीवोतक परीक्षेसाठी काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणाच्या ठोकळ्यात बसवितात. त्याचे काही मायक्रॉन जाडीचे छेद काचपट्टीवर घेऊन, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ठोकळा वर्षानुवर्षे टिकतो. त्यामुळे त्याच तुकड्याचे नवे छेद दुसऱ्या विकृतिवैज्ञानिकास पाहता येतात व प्रतिपिंडांच्या साहाय्याने कोशिकांतील विशिष्ट प्रथिनेही शोधता येतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) अन्यत्र तपासलेल्या रोग्यांच्या काचपट्ट्या व ठोकळे यांची फेरतपासणी होते. काढलेली गाठ ‘साधीच आहे’ म्हणून न तपासता टाकून दिल्यास मात्र ही वाट कायमची बंद होते.

गाठीला सुरी किंवा सुई लागली की कर्करोग पसरतो, या समजुतीपायी अनेक रोगी परीक्षा टाळतात. योग्य जागी व योग्य रीतीने केलेल्या परीक्षेने असा प्रसार होण्याचा संभव अत्यल्प असतो. वृषणातील संशयित गाठीत मात्र वृषणकोशाच्या त्वचेतून सुई घालीत नाहीत, हा अपवाद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारविषयक विनियमांनुसार रोग्याने मागणी केल्यास वैद्याने उपचारविषयक कागदपत्रे ७२ तासांत द्यावयाची असतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याच्या हक्काचा समावेश आहे. दोन मते परस्परविरोधी आल्यास तिसरा वैद्य शोधण्यापेक्षा शस्त्रक्रिया, विकृतिविज्ञान व प्रारण चिकित्सा यांतील तज्ञांच्या एकत्रित बैठकीपुढे सर्व कागदपत्रे व काचपट्ट्या ठेवणे अधिक उपयुक्त ठरते. [⟶ कर्करोग].