मेमरीचा पत्ता : आज्ञा की पसंती?

मोठ्या सर्व्हरमध्ये अनेक प्रोसेसर असतात आणि प्रत्येकाजवळ स्वतःची मेमरी असते. या जोडीला ‘नोड’ म्हणतात. जवळच्या मेमरीतली माहिती लवकर मिळते, दूरची उशिरा. म्हणून लिनक्सच्या २.६.७ आवृत्तीत (२००४) ‘एमबाइंड’ हा सिस्टिम कॉल आला. मेमरीचा अमुक भाग कोणत्या नोडवर असावा, हे प्रोग्राम त्याद्वारे सांगतो.

पण हे सांगणे आज्ञार्थी की विध्यर्थी? ‘बाइंड’ ही आज्ञा : नेमलेले नोड भरले, तर इतरत्र जागा असूनही मिळत नाही, प्रोग्राम बंदही पडू शकतो. ‘प्रिफर्ड’ ही पसंती : तिथे जागा नसल्यास दुसरीकडची चालते, वेग घटतो, काम थांबत नाही. मात्र पसंतीचा नोड एकच सांगता येई. ‘शक्यतो यांपैकी कुठलाही’ असे म्हणण्याची सोय ५.१५ आवृत्तीत, २०२१ मध्ये झाली. त्या एका ‘शक्यतो’ला सतरा वर्षे लागली.