न बदलता येणारी गाळणी

हिमोडायलिसिसमध्ये रक्त गाळणारी गाळणी शरीराबाहेर असते. डायलायझर नावाच्या त्या नळकांड्यात केसाएवढ्या बारीक, पोकळ तंतूंचा जुडगा असतो. तो निकामी झाला की टाकून नवा लावता येतो. पेरिटोनियल डायलिसिसमध्ये गाळणीचे काम रुग्णाचे स्वतःचे पर्युदर करते. पोटाच्या पोकळीला आतून अस्तरासारखे लागलेले आणि आतड्यांना वेढून असलेले हे पातळ पटल म्हणजे पेरिटोनियम. ते प्रत्येकाला एकच मिळते आणि बदलून मिळत नाही. घरी हिमोडायलिसिस करणारा रुग्ण पोटाच्या डायलिसिसकडे वळतो तेव्हा त्याच्या दिनक्रमात, आहारात आणि काळजीत जे बदलते, त्यातले बरेचसे या एका फरकातून येते.

घरच्या हिमोडायलिसिसचा पाया म्हणजे हातातला फिश्चुला. धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडली की शीर फुगते, जाड होते आणि तिच्यात दोन जाड सुया घालता येतात. एका सुईतून रक्त मिनिटाला साधारण 300 मिलिलिटर वेगाने यंत्रात जाते, दुसरीतून परत येते. नेहमीच्या पद्धतीच्या चार तासांच्या एका सत्राला सुमारे 120 लिटर शुद्ध पाणी लागते. त्यासाठी घरात आरओ संयंत्र, वेगळी नळजोडणी आणि भरवशाची वीज हवी. काही नवी, छोटी यंत्रे कमी पाण्यावर चालतात. पण सुया टोचणे, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देणे, रक्तदाब घसरला तर धावपळ करणे यांतून सुटका नसते. बहुतेक घरांत शेजारी एक माणूस बसलेला असतो.

पोटाच्या डायलिसिसमध्ये रक्त शरीराबाहेर येतच नाही. बेंबीच्या आसपास बसवलेल्या सिलिकोनच्या नळीतून साधारण दोन लिटर द्रव पोटात सोडला जातो आणि चार ते सहा तास तसाच ठेवला जातो. पर्युदरातल्या केशवाहिन्यांमधून युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम हळूहळू त्या द्रवात उतरतात. जास्तीचे पाणी ओढून घेण्याचे काम द्रवातली साखर करते. भारतात मिळणाऱ्या पिशव्यांवर तिचे प्रमाण 1.5, 2.5 आणि 4.25 टक्के असे लिहिलेले असते. प्रमाण जितके जास्त तितके पाणी अधिक ओढले जाते. या पाण्याचा एक मोठा वाटा ॲक्वापोरिन नावाच्या, फक्त पाण्यालाच वाट देणाऱ्या सूक्ष्म मार्गांतून येतो. या मार्गांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना 2003 मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. वेळ संपली की मळलेला द्रव काढून टाकायचा आणि ताजा भरायचा. दिवसातून तीन-चार वेळा हाताने हे करणे म्हणजे सीएपीडी. रात्री आठ-दहा तास झोपेत यंत्राकडून करून घेणे म्हणजे एपीडी. त्या यंत्राला सायकलर म्हणतात.

या दोन्ही पद्धतींच्या घडणीत अमेरिकेतल्या सिॲटल शहराचा मोठा वाटा आहे. 1960 मध्ये तिथे बेल्डिंग स्क्रिबनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धमनी आणि शीर यांना जोडणारी टेफ्लॉनची नळी, म्हणजे शंट, तयार केली आणि तेच रुग्ण वर्षानुवर्षे डायलिसिसवर जगू शकतील अशी वाट प्रथम उघडली. 1964 च्या सुमारास सिॲटल, बोस्टन आणि लंडन इथे यंत्रे रुग्णांच्या घरी पोचली. त्याच काळात सिॲटलमध्ये फ्रेड बोएन पोटाच्या डायलिसिसवर काम करत होते, पण प्रत्येक वेळी पोटात नवी नळी टोचावी लागे. हेन्री टेंकॉफ यांनी 1968 मध्ये कायमची बसवता येईल अशी सिलिकोनची नळी मांडली. तिच्यावर डॅक्रॉनचे दोन पट्टे होते. शरीरातल्या पेशी त्या पट्ट्यांत रुजून नळी घट्ट धरतात आणि जंतूंना आत शिरायला अटकाव करतात. आजही जगभर बसणाऱ्या बहुतेक नळ्या याच घडणीच्या आहेत.

सीएपीडीचा जन्म मात्र टेक्सासमधल्या ऑस्टिनचा, आणि तो एका अडलेल्या रुग्णामुळे झाला. त्याच्या शरीरात हिमोडायलिसिससाठी रक्तवाहिनीची वाट टिकत नव्हती. पोटाच्या डायलिसिससाठी दुसऱ्या शहरात राहायला जाणे त्याला मान्य नव्हते. अभियंते रॉबर्ट पोपोविच आणि डॉक्टर जॅक मॉन्क्रिफ यांनी कागदावर हिशेब मांडला : दोन लिटर द्रव रोज पाच वेळा बदलला आणि वर दोन लिटर पाणी ओढून काढले, तर एवढ्यावर रक्तातला युरिया आटोक्यात राहील. 1976 मध्ये त्यांनी हे काम एका वैद्यकीय परिषदेकडे पाठवले, तेव्हा ते नाकारले गेले. पुढे टोरंटोत दिमित्रिओस ओरिओपोलोस यांनी काचेच्या बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या वापरात आणल्या. इटलीत उंबेर्तो बुओनक्रिस्तियानी यांनी इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची नळी आणली. जोडणी झाल्यावर आधी द्रवाने नळी धुऊन काढायची आणि मगच पोट भरायचे, या साध्या क्रमाने पोटातला जंतुसंसर्ग ठळकपणे कमी झाला. तेव्हा हिमोडायलिसिसची वाट बंद पडल्यावर पोटाकडे वळणे हा या उपचाराचा आडवळणाचा वापर नव्हे; तो त्यासाठीच जन्माला आला.

आजही पोटाकडे वळण्याचे सर्वांत सक्तीचे कारण तेच असते : फिश्चुला वारंवार बंद पडणे आणि नवा करायला चांगली शीर न उरणे. दुसरे कारण हृदय. कमकुवत हृदयाला तीन-चार तासांत दोन-तीन लिटर पाणी काढून घेणे सोसत नाही. तेच पाणी चोवीस तासांत हळूहळू निघाले तर सोसते. तिसरे कारण घरातले माणूस. वर्षानुवर्षे सुया लावणारी पत्नी किंवा मुलगा थकतो, आजारी पडतो, नोकरीसाठी दूर जातो. वैद्यकीय चर्चेत या कारणाला दुय्यम मानले जाते, पण घरचे डायलिसिस त्या माणसाच्याच आधारावर चालते आणि तो थकला की उपचारच डळमळतो.

उलट दिशेचे स्थलांतर, म्हणजे पोटाकडून हिमोडायलिसिसकडे जाणे, कितीतरी अधिक आढळते. याचे एक कारण लघवीत आहे. पोटाचे डायलिसिस सुरुवातीला चांगले चालते, कारण त्या काळात रुग्णाची मूत्रपिंडे थोडेफार काम करत असतात आणि रोज काही लघवी होते. हिमोडायलिसिसवर काही वर्षे काढलेल्या रुग्णाची लघवी बहुधा थांबलेली असते. त्यामुळे सगळा भार पर्युदरावर पडतो आणि द्रवाचे प्रमाण, अदलाबदलीची संख्या, साखरेची तीव्रता सुरुवातीपासूनच वाढवावी लागते. म्हणून बदल ठरवण्याआधी चोवीस तासांची लघवी मोजतात. जुन्या शस्त्रक्रियांमुळे पोटात आतडी चिकटली आहेत का, हर्निया आहे का, हेही पाहतात. हर्निया असेल तर आधी दुरुस्त करतात, कारण दोन लिटर द्रवाच्या दाबाने तो वाढतो.

नळी बसवल्यावर ती रुजायला साधारण दोन आठवडे द्यावे लागतात. लगेच पोट भरले तर जखमेतून द्रव पाझरतो. हे दिवस हिमोडायलिसिसवरच काढायचे असतात, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या सत्रांत रक्तस्राव टाळण्यासाठी हेपॅरिन कमी किंवा वर्ज्य करतात. प्रशिक्षणही याच सुमारास चालते. घरी यंत्र चालवलेल्या रुग्णाला इथे मोठा फायदा असतो. हात धुण्याची शिस्त, नोंदवही, वजन आणि रक्तदाबाची सवय, अलार्म वाजला तरी न गांगरणे हे त्याने आधीच कमावलेले असते. एक सवय मात्र मोडावी लागते. दोन सत्रांमधल्या सुटीची सवय झालेल्याला रोजचा, कधीही न सुटणारा क्रम सुरुवातीला जड जातो.

काही आठवड्यांनी पर्युदराची चाचणी होते. झ्बिलुट ट्वार्डोव्स्की यांनी मांडलेली ही पीईटी 1987 पासून रूढ आहे. 2.5 टक्क्यांचा दोन लिटर द्रव चार तास पोटात ठेवून त्यातल्या आणि रक्तातल्या क्रिएटिनिनचे गुणोत्तर काढतात. काहींच्या पटलातून पदार्थ झपाट्याने पार होतात. त्यांच्या रक्तात द्रवातली साखरही तितक्याच वेगाने शिरते, आणि साखर संपली की पाणी ओढले जाणे थांबते. अशांना रात्रीच्या यंत्रावरच्या छोट्या फेऱ्या मानवतात. ज्यांचे पटल संथ आहे त्यांना दिवसभराच्या लांब फेऱ्या. लांबलेल्या फेरीसाठी साखरेऐवजी आयकोडेक्स्ट्रिन हा मोठ्या रेणूंचा पिष्टजन्य पदार्थ असलेला द्रव वापरता येतो. तो रक्तात सावकाश शिरतो आणि तासन्‌तास पाणी ओढत राहतो.

सर्वांत मोठी भीती पर्युदरशोथाची. निघालेला द्रव एरवी पातळ, पिवळसर आणि इतका स्वच्छ असतो की पिशवीखालचा छापील मजकूर वाचता येतो. तो गढूळ दिसला किंवा पोट दुखू लागले की वाट न पाहता पिशवीसह केंद्रात जायचे. द्रवात पांढऱ्या पेशी घनमिलिमीटरला 100 हून जास्त आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असतील तर निदान जवळपास पक्के होते. प्रतिजैविके बहुधा द्रवातूनच पोटात दिली जातात. बद्धकोष्ठ ही वरवर किरकोळ गोष्ट इथे किरकोळ राहत नाही : फुगलेले आतडे नळीवर दाबते आणि द्रव बाहेर येईनासा होतो.

ताटही बदलते. पोटॅशियम रोज निघत असल्याने आठवड्यातून तीनदा हिमोडायलिसिस करणाऱ्याला इथे फळे-भाज्यांची मोकळीक मिळते. उलट कधी पोटॅशियम कमीच पडते. द्रवाबरोबर रोज सुमारे पाच ते दहा ग्रॅम प्रथिने निघून जातात, म्हणून डाळ, अंडी, पनीर वाढवावे लागते. द्रवातली 100 ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर रोज अंगात शिरते. मधुमेह्याला इन्सुलिन वाढवावे लागते, इतरांचे वजन वाढते. रोज रात्रभर हिमोडायलिसिस करणाऱ्याला मात्र हा बदल उतरणीचा वाटू शकतो. रात्रभराच्या यंत्राइतका फॉस्फरस पोटातून निघत नाही, त्यामुळे सुटलेल्या, फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या जेवणाबरोबर पुन्हा येतात.

घरातली आरओची जागा खोकी घेतात. दोन लिटरच्या चार पिशव्या रोज म्हटल्या तर महिन्याला 240 लिटर द्रव येतो, आणि तो कोरड्या, सावलीच्या जागी रचून ठेवावा लागतो. हाताने बदलताना वीज लागत नाही आणि पाणी लागते ते हात धुण्यापुरते. भारतात सीएपीडी 1991 पासून आहे आणि 2019 मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातही पेरिटोनियल डायलिसिसला स्थान मिळाले. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या आणि डायलिसिस केंद्रापासून दूर असलेल्या गावांसाठी वीज-पाण्यावाचून चालण्याचा हा गुण साऱ्या वैद्यकीय गुणांहून मोठा आहे.

पर्युदर साखरेच्या सततच्या माऱ्याने आणि प्रत्येक संसर्गाने थोडे थोडे झिजते. काही वर्षांनंतर ते जाड होते, त्यातल्या वाहिन्या वाढतात, पाणी ओढणे कमी पडू लागते. क्वचित, बहुधा दीर्घकाळाच्या उपचारानंतर, त्याचे कवच होऊन आतडी आवळली जातात. म्हणून चाचणी ठरावीक काळाने पुन्हा करतात आणि रोज निघालेल्या पाण्याचा आकडा नोंदवहीत सर्वांत बारकाईने पाहिला जातो. तो घसरत गेला की परत हिमोडायलिसिसकडे जावे लागते. त्यासाठीच चालता फिश्चुला, तो हृदयावर भार टाकत नसेल तर, बंद करत नाहीत. त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही आणि त्यातून रक्त काढायचे नाही, हा जुना नियम पोटाच्या डायलिसिसवरही पाळला जातो, आणि रोज सकाळी बोट ठेवून त्याची थरथर तपासली जाते.