विहिरीतले गोटे आणि इरईचा खडक

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

आमचं गाव तीर्थपुरी, जालना जिल्हा. काकांनी शेतात विहीर खोदायला घेतली आणि मुरमात मोठमोठे गोल गोटे लागले. फोटो पाठवून काकांनी विचारलं, "इंजिनिअर, हे इथं आले कुठून? पुढं खोदू का जागा बदलू?" मी नुकतंच हिमनद्यांबद्दल वाचलं होतं. दिलं ठोकून, "बर्फानं आणलेत काका. खालचा भरवसा नाही, जागा बदला."

मग रात्री नीट वाचायला बसलो.

1840 साली लुई अगासी हा स्विस शास्त्रज्ञ स्कॉटलंडमध्ये हिमनद्यांच्या खुणा शोधत होता. विल्यम बकलंड त्याच्यासोबत फिरला. हे बकलंड आधी असले दगडगोटे महापुरानं आणले असं मानायचे. पुरावा पाहून त्यांनी मत बदललं. पुढे चार्ल्स लायलला त्याच्याच वडिलांच्या घराजवळचे हिमनदीचे ढिगारे दाखवले आणि लायललाही पटलं, असं अगासीला पत्रानं कळवलं.

आपल्याकडे 1856 मध्ये ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी ओडिशातल्या तालचेरचे दगडगोटे पाहून बर्फाचं नाव घेतलं. उष्ण भारतात बर्फ? पचणं अवघडच. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी 1875 मध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या इरई गावाजवळच्या खुणांचं वर्णन छापलं. गोट्यांच्या थराखालचा चुनखडक घासून गुळगुळीत झालेला, आणि त्यावर समांतर ओरखडे! सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी आपली जमीन गोंडवन खंडाचा भाग होती आणि दक्षिण ध्रुवाच्या बरीच जवळ होती, हे कोडं नंतर उलगडलं.

म्हणजे हिमनदी ओळखायच्या खुणा तीन. एक, वेगवेगळ्या जातींचे, लहानमोठे दगड बारीक गाळात एकत्र कालवलेले. दोन, दगडांच्या बाजू घासून सपाट झालेल्या आणि ओरखडलेल्या. तीन, खालचा खडकही तसाच घासलेला.

काकांचे फोटो पुन्हा उघडले. सगळे गोटे एकाच काळ्या पाषाणाचे, परका दगड एकही नाही. ओरखडा नाही. उलट कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. शिवाय आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो इरईच्या बर्फानंतर कितीतरी काळानं आला. अलीकडच्या हिमयुगातही हिमनद्या हिमालयात होत्या, मराठवाड्यात नाही.

मग गोटे गोल कसे? पाषाणाला उभ्या-आडव्या भेगा असतात. त्यांत पाणी मुरतं. चौकोनी तुकड्याचे कोपरे दोन-तीन बाजूंनी झिजतात, म्हणून आधी जातात. बाहेरचा भाग मुरूम होतो, आत गोटा उरतो. म्हणजे गोटे कुठूनच आले नाहीत, जागच्या जागी घडले! आणि आपल्याकडे उथळ विहिरींचं पाणी याच झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात साठतं.

सकाळी फोन केला. "काका, माझं चुकलं. गोट्यांमुळं जागा बदलू नका. पाण्याची हमी मात्र मी देत नाही, ते भूजलाच्या जाणकारालाच दाखवा."

काका हसले. "बरं झालं लवकर बोललास. उद्या मशीन दुसरीकडं लावणार होतो."

बकलंडसारखं पत्र लिहायला नाही जमलं, फोनवर भागवलं. भेटू पुढच्या भागात!